द्वारकाबाईंचं एकोणिसावं पत्र

चिपळूणहून माणसं देवाला जातात, लग्नाला जातात, मुलांच्या ॲडमिशनला जातात. मी शिरूर-दौंडला निघाले ती एका पुस्तकाची पहिली आवृत्ती शोधायला. हे ऐकून आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "दुसरी आहे, तिसरी आहे. पहिलीवाचून काय अडलंय?"

काय अडलंय ते आधी सांगते.

पुस्तक तसं ऐंशी पानांचं चोपडं, नाव 'खाणीवरची पत्रं'. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या द्वारकाबाई साठ-पासष्ट वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर चांद्याकडच्या एका कोळशाच्या खाणीवर राहायला गेल्या. खाण नुकती सुरू झालेली, राहायला तट्ट्यांच्या खोल्या, आणि त्या कॅम्पावर पोचलेलं पहिलं बाईमाणूस या. शिक्षण चौथीपर्यंत. तिथे त्यांनी कामगारांसाठी खानावळ काढली, पुढे आलेल्या बायकांची बाळंतपणं केली आणि दौंडला दिलेल्या धाकट्या बहिणीला, सरूला, पत्रं लिहिली. भाकरीच्या तव्यापासून सापापर्यंत सगळं त्यात आहे. बाई मोठी धीराची आणि जिभेची तिखट.

मी तीस वर्षं वाचनालय सांभाळलं. दोन वर्षांपूर्वी, माझ्या निवृत्तीच्या वेळी, तळेगाव ढमढेरेचे एक शिक्षक आमच्या गावातून बदली होऊन जाताना पुस्तकांचं खोकं देऊन गेले. त्यात या पुस्तकाची दुसरी आवृत्ती होती. नोंद करण्याआधी चाळत होते, तर अठराव्या पत्रात ओळ आली : "हजेरी लिहिणारे बाबू चिपळूणचे आहेत. त्यांची सुलोचना भरल्या दिवसांची. पाय सुजलेत, तरी हसतमुख आहे."

ते बाबू म्हणजे माझे वडील. सुलोचना माझी आई. पोटातली मी.

आईबद्दल मला आयुष्यभर एकच वाक्य मिळालं. मला वाढवलं ते आत्यानं, आणि तिचं ते वाक्य : "तुझ्या आयशीनं तुझं तोंडसुद्धा बघितलं नाही गो." विषय निघाला की वडील उठून अंगणात जात. मी अधाशासारखं पान उलटलं, तर पुढचं पत्र विसावं. त्यात रॉकेलची टंचाई, खानावळीत निघालेली घोणस, आणि शेवटी दोन ओळी : "बाबू तान्ह्या पोरीला घेऊन मुलखाला गेले. खोलीला कुलूप आहे." एकोणिसावं पत्र नव्हतंच. पान फाटलेलं नव्हतं, पानांचे आकडे सलग होते. पत्रं मात्र अठरानंतर एकदम वीस.

त्या शिक्षकांना कळवलं. त्यांनी खटपट करून तिसरी आवृत्ती मिळवून पाठवली. ती कवठ्याच्या यात्रेत वाटलेली. मुखपृष्ठावर द्वारकाबाई नखाएवढ्या आणि निवडणुकीला इच्छुक असलेले एक भाऊ हात जोडून तळहाताएवढे. मागे ठिबक सिंचनाची जाहिरात. आत तेच, अठरानंतर वीस. म्हणजे उरली पहिली.

मला एवढंच हवं होतं. आईनं मला पाहिलं होतं की नाही. बासष्टाव्या वर्षी हे काय खूळ, म्हणाल. म्हणा.

रांजणगाव, जिथे मला उतरायचं होतं

पुण्याहून शिरूरची एसटी धरली आणि वाटेत गणपतीला न भेटता पुढे जाणं बरं दिसेना, म्हणून रांजणगावला उतरले. दर्शन छान झालं. पुढच्या प्रवासात मात्र बाप्पानं माझी जरा फिरकी घेतली. रस्त्यावर येते तर एक पांढरी बस उभी, माणसं भराभर चढतायत. मीही चढले, खिडकी मिळाली, पिशवी मांडीवर घेऊन बसले. बस हायवे सोडून आत वळली. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती सुरू झाल्या. मी कंडक्टर शोधू लागले तेव्हा शेजारचा निळ्या शर्टातला माणूस नम्रपणे म्हणाला, "माताजी, ये कंपनी की बस है. आपकी कौन सी शिफ्ट है?"

सगळी बस हसली. मीही हसले, दुसरं काय करणार? ड्रायव्हर भला माणूस. गेटवर सगळ्यांना उतरवून तो मला परत हायवेला सोडायला आला आणि वर म्हणाला, "मावशी, सेकंड शिफ्टला या आता." आमच्याकडे कोकणात चुकलेल्या माणसाला आधी 'कोणाकडचे तुम्ही' विचारतात. इथे शिफ्ट विचारली. ज्याचं त्याचं गाव.

शिरूर

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शिरूरच्या एका छापखान्याचं नाव होतं. त्या जागी आता फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसांचे हसरे चेहरे सुकायला टांगलेले, आणि कोपऱ्यात खुर्चीवर पंचाहत्तरीचे आप्पा, म्हणजे जुन्या छापखान्याचे मालक. दुकान मुलगा बघतो, आप्पा रस्ता बघतात. माझ्या हातातलं पुस्तक बघताच त्यांनी ते घेऊन आधी नाकाशी नेलं.

"आमचंच हाय," म्हणाले. "हे टाइप म्या सोता जुळवल्यात. आता समदं काम्पुटरवर. बटन दाबलं की झालं."

मी सरळ विचारलं, एकोणिसावं पत्र कुठे गेलं?

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काढलं. ज्यांचं काम त्यांनी काढा म्हणून सांगितलं. पुढच्या पत्रांचे नंबर बी बदला म्हणले. म्हंजी कळणार न्हाई कुणाला."

"मग बदलले का नाहीत?"

"न्हाई बदलले. भांडलो त्यांच्याशी. त्या माउलीनं लिवलेलं पत्र हाय. पान काढता येतंय, पर झालं ते न झालं कसं करायचं? म्हणलं, नंबर ऱ्हाऊ द्या. कुणी कवा शोधत आलं तर त्याला जागा तरी घावंल."

पंचवीस वर्षांनी शोधत आलेली मी त्यांच्यासमोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते, आणि मला एकदम भरून आलं. त्यांना कारण सांगितलं. ते मुलाला हाक मारून म्हणाले, "दोन च्या सांग. स्पेशल."

पत्रात काय होतं ते त्यांना आठवेना. "जुळणारा अक्षरं बघतो, ताई. वाचीत बसला तर पोट कसं भरायचं?" पहिल्या आवृत्तीची नमुन्याची प्रत होती, ती दुकानाचं काम काढलं तेव्हा रद्दीत गेली. त्याबद्दल ते मुलाकडे बघून जे बोलले ते इथे लिहीत नाही. निघताना म्हणाले, "तात्याला भेटा कवठ्याला. द्वारकाबाईंचा ल्योक. पुस्तक त्यानंच छापून घेतलं, आन् पान बी त्यानंच काढाय लावलं. मानूस वंगाळ न्हाई. रागावू नका त्याच्यावर."

कवठे येमाई

शिरूरहून मलठणमार्गे कवठ्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांनी ऊस आणि कांदा. आमच्या लाल मातीत वाढलेल्या डोळ्यांना ही काळी जमीन केवढी सपाट आणि केवढी लांबवर दिसणारी! शेताच्या बांधावर पाटी : 'बिबट्याप्रवण क्षेत्र'. शेजारच्या बाईला मी विचारलं, खरंच येतो का? तर ती म्हणाली, "येतो म्हंजी? आमच्या आधीपासून बसल्यावानी करतोय उसात. पाचच्या म्होरं रानात जाऊ नका." आणि निवांत शेंगा सोलत बसली.

तात्या सत्तरीचे, पांढरी टोपी, आवाज मोठा. त्यांची बायको कौसल्याकाकू लहानशी, चपळ. मी पुस्तकासाठी चिपळूणहून आले म्हटल्यावर दोघांना इतका आनंद झाला की मला मुद्द्यावर येताच येईना. "आधी जेवा," हा या मुलखाचा कायदा दिसतो. जेवायला हुलग्याचे शेंगोळे आणि बाजरीची भाकरी. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. आम्ही त्याची पातळ पिठी करतो आणि भाताबरोबर ओरपतो. इथे पिठाच्या वळ्या करून लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवतात. एकच धान्य, पण घाट उतरला की ओळख द्यायला तयार नाही. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, ते काकूंना तिखटाचं वाटलं आणि त्यांनी दुधाची वाटी पुढे केली. बरं झालं, मला निमित्त मिळालं.

जेवणं झाल्यावर मी विचारलं.

"व्हय, काढलं," तात्या म्हणाले, अगदी सरळपणे. "त्याचं असं झालं बघा. पहिलं पुस्तक छापलं ते आईच्या वर्षश्राद्धाला. लोकं ताटल्या, तांबे वाटत्यात. म्या म्हणलं, आईची पत्रं वाटू. दुसऱ्यांदा छापलं ते आमच्या पोरीच्या लग्नात. आल्या-गेल्याला नारळासंगं पुस्तक. आता शुभकार्यात वाटायचं, आन् त्यात बाळंतीण मेल्याची हकिकत! नव्या नवरीच्या हातात ती कशी द्यायची? मोठी माणसं म्हणली, तेवढं एक काढा. म्या काढलं. पुढं यात्रेतलं छापलं ते बी त्याच्यावरनंच."

"ती बाळंतीण माझी आई," मी म्हटलं. "आणि ती मुलगी मी."

काकूंच्या हातातला तांब्या खाली टेकला. तात्यांनी टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं, परत घातली. मग म्हणाले, "म्हंजी म्या तुमच्या आईला भाईर काढलं व्हय?"

मला राग आणायचा होता. वाटेत बसमध्ये मी त्याची तयारीसुद्धा केली होती. पण पोरीच्या लग्नात अपशकुन नको म्हणून जपणारा तो बाप समोर असा ओशाळून बसलेला, आणि माझ्या लग्नात आत्यानं आईचा फोटो मांडवात आणू दिला नव्हता, तो याच भीतीनं. घाटावर काय नि घाटाखाली काय, भीती सारखीच. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही छापलंत म्हणून तर मला आई अठराव्या पत्रात तरी भेटली."

काकूंनी मला जवळ घेतलं. त्यांच्या पदराला लसणाचा वास होता.

आता पहिल्या आवृत्तीचं काय झालं ते ऐका. श्राद्धाला वाटलेलं पुस्तक घरात ठेवायचं नाही, असं त्यांच्या भावकीत मानतात. ताटली चालते, पोथी चालते, पण गेलेल्या माणसाचा फोटो वर असलेलं आणि त्याच्या श्राद्धाला मिळालेलं पुस्तक नको. कुणी घोडनदीत सोडलं, बाकीच्यांनी येमाईच्या देवळात नेऊन ठेवलं. तात्यांच्या स्वतःच्या घरातही प्रत नाही. मूळ पत्रं सरूमावशीकडे होती. पुस्तक छापून झाल्यावर तिनं ती भीमेत सोडली. "आक्काची होती, आक्काला पोचली," असं म्हणाली म्हणे. एवढं करून पुस्तकं दुर्मीळ होणार नाहीत तर काय होईल?

सकाळी तात्या मला देवळात घेऊन गेले. देवीला नमस्कार केला आणि पुजाऱ्यांनी मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. हरिपाठाच्या चोपड्या, जुनी पंचांगं, हात जोडलेले इच्छुक भाऊ गठ्ठ्यानं, आणि सगळ्यांत खाली तपकिरी कव्हर. पहिली आवृत्ती! मी ती उचलली आणि अर्धं पुस्तक मातीच्या ढेकळासारखं खाली गळलं. वाळवी. चौदाव्या पत्रापर्यंत शाबूत, पुढे नुसती चाळण. तीस वर्षं मी वाळवीशी लढले. तिनं बदला कुठे घ्यावा?

तात्या माझ्याहून जास्त खचले. देवळाच्या पायरीवर बसून म्हणाले, "आता एकच ठिकाण. दौंडला सरूमावशीची सुमी हाय. पर ती आईपेक्षा कडक. शिवाशिव, सोवळं, समदं पाळती. तिनं घरात ठिवलं आसंल असं वाटत न्हाई." मग म्हणाले, "तरी जा. म्या फोन करतो. तुमी कोण, ते न्हाई सांगत. ते तुमी सांगा."

दौंड

दौंडला बहुतेक लोक गाडी बदलायला उतरतात, गाव बघायला कुणी नाही. मी स्टेशनच्या बाजूने चालत निघाले. गाड्यांच्या घोषणा गल्लीगल्लीत ऐकू येतात, आणि इथली माणसं बोलता बोलता घोषणेपुरती थांबतात आणि तिथूनच वाक्य पुढे सुरू करतात. सुमीचं, म्हणजे सुमनताईंचं, घर सापडायला अडचण नव्हती. त्यांची पिठाची गिरणी गल्लीत प्रसिद्ध आहे. घर मागे, गिरणी पुढे.

सुमनताई माझ्याच वयाच्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, भुवयांवर पीठ. त्यांनी पट्टा थांबवला, मला पाणी दिलं, आणि पुस्तकाचं नाव काढताच मान हलवली.

"घरात न्हाई बाई. श्राद्धाचं घरात ठिवत न्हाईत आमच्यात."

मी ज्वारीच्या पोत्यावर बसले आणि विचारलं नसतानाच सांगून टाकलं. चिपळूण, हजेरीबाबू, सुलोचना, कुलूप लावलेली खोली. शेवटी म्हटलं, "त्यातली ती तान्ही पोरगी मी."

सुमनताई माझ्याकडे बघत राहिल्या. स्टेशनवर कुठल्याशा गाडीची घोषणा झाली. ती संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "डावा कान दाखवा बरं."

मला काही कळेना. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी निमूटपणे मान वळवली. त्यांनी माझे केस वर केले. कानाची पाळी पुढे दुमडली. त्यांचं बोट तिथे एका ठिकाणी टेकलं आणि तसंच राहिलं.

माझ्या डाव्या कानामागे तीळ आहे. मला स्वतःला तो कधी दिसलेला नाही. लग्नानंतर ह्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. आत्यालाही माहीत नव्हता. आणि दौंडच्या एका गिरणीत, कधी न भेटलेली बाई तो बरोबर शोधत होती.

"हाय," त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "हाय गं बाई." आणि माझ्या शेजारी दुसऱ्या पोत्यावर बसून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मग उठल्या. गिरणीच्या मोटारीमागे भिंतीत कोनाडा होता. त्यातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. "आई म्हणाली, घरात न्हाई ना ठिवायचं? गिरणी काय घर हाय व्हय? दळताना रोज एक पत्र वाचायची. तिच्या मागं म्या वाचते." फडकं झटकलं तसा पिठाचा ढग उठला. तपकिरी कव्हर, कडा पिठानं पांढऱ्या झालेल्या. वाळवीला कदाचित मोटारीचा आवाज सोसला नसावा.

चष्मा लावूनही मला अक्षरं दिसेनात. शेवटी सुमनताईंनीच वाचलं. त्यांना ते पाठच होतं, बोट मात्र ओळींवरून फिरत होतं.

"सरूस आशीर्वाद. सुलोचनाबाईला मंगळवारी मुलगी झाली. डॉक्टर नदीपलीकडे, नदीला पूर, म्हणून मीच होते. मूल गोड आहे. बाईला ताप आहे, उतरत नाही. तिला कुळथाची पिठी खावीशी वाटली. मला ती येत नाही, मी आपले शेंगोळे केले. म्हणाली, द्वारकाबाई, हे आमच्यासारखं नाही, पण वास घरचा आहे. दोन घास खाल्ले. निजत नाही. तीन दिवस मुलीला मांडीवर घेऊन नुसती बघत बसली आहे. नीज म्हटलं तर म्हणते, बघू दे, मग कुठे बघायला मिळणार. मुलीच्या डाव्या कानामागे तीळ आहे, तो तिलाच पहिल्यांदा दिसला. मला म्हणाली, उद्या केस आले की हा कुणाला दिसायचा नाही, तुम्ही लक्षात ठेवा. इथवर काल लिहिलं होतं. आज शुक्रवारी सकाळी ती गेली. बाबू भिंतीकडे तोंड करून बसलेत, त्यांच्याशी बोलता येत नाही. मी अशी कामात बुडालेली, माझ्या लक्षात काय राहणार? म्हणून सरू, तुला लिहून ठेवते. डाव्या कानामागे."

गिरणीत कुणीतरी दळण घेऊन आलं होतं. ती बाई डबा धरून दारातच उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली.

सुमनताई म्हणाल्या, "आई मरायच्या आधी मला बी सांगून गेली. डावा कान. म्या म्हणलं, आई, ती पोरगी कुठली, आपण कुठली. तर म्हणाली, आक्कानं सांगितलंय. ठिव ध्यानात."

पुस्तक त्या मला देत होत्या. खरंच देत होत्या, फडक्यासकट. मी घेतलं नाही. आयुष्यभर पुस्तकं गोळा केलेल्या बाईनं दुर्मीळ आवृत्ती हातची सोडावी, हे माझं मलाच नवल. पण जिथे रोज एक पत्र वाचलं जातं ती जागा सोडून ते माझ्या काचेच्या कपाटात काय करणार? मी एकोणिसाव्या पत्राचे मोबाइलवर फोटो घेतले. तात्यांना फोन लावला, तर पलीकडून काकूच बोलल्या. तात्या शेजारी बसून डोळे पुसतायत, म्हणाल्या.

चिपळूण

वाचनालयात तीस वर्षं मी पुस्तकात लिहिणाऱ्यांना दंड केला. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर कोऱ्या कागदावर एकोणिसावं पत्र माझ्या हातानं उतरवलं आणि माझ्या दुसऱ्या आवृत्तीत, अठरा आणि विसाच्या मधे, खळ लावून डकवलं. आप्पांनी राखलेली जागा भरली.

संध्याकाळी कुळथाची पिठी केली. ह्यांना वाढली, मला वाढून घेतली. मग ताट तसंच ठेवून उठले आणि भिंतीवरच्या आत्याच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. तिनं मला खोटं सांगितलं नव्हतं. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"आत्ये," मी म्हटलं, "बघितलं होतं गो तिनं मला. तीन दिवस बघत होती."